पांढरी पिशवी

डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा भागूनं सगळं ऐकलं, पण त्याच्या कानात राहिलं एवढंच, की नवीन औषध आलंय.

त्याच्या बायकोच्या, लंकाबाईच्या छातीची गाठ काढली त्याला काही वर्षं होऊन गेली होती. मधले दिवस बरे गेले. ती खाचरात उतरली, भाताची आवणी केली, उन्हाळ्यात हिरडे वेचले, एकुलत्या एका लेकीचं, आरतीचं लग्न लावून दिलं. मग यंदा दिवाळीच्या तोंडावर भात कापता कापता ती बांधावर टेकली आणि उठेचना. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणाली. घोडेगावला दाखवलं, तिथून मंचरला, आणि मंचरहून हायवेच्या कडेला नव्यानं झालेल्या कॅन्सरच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टर श्रेया म्हणून होत्या, वयानं आरतीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की आजार लिव्हरमध्ये उतरलाय. तो मुळापासून जाणार नाही, पण औषधानं रोखून धरता येईल. किती काळ, ते सांगता येत नाही.

"एक अभ्यास चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "औषध दोन्हीकडे एकच आहे, काका. फरक आहे तो ते शरीरात पोचवायच्या पद्धतीत. हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत ते एका तेलकट द्रावणात मिसळून देतात, आणि ते द्रावणच पुष्कळांना बाधतं. नव्या पद्धतीत औषधाचे अगदी सूक्ष्म कण करून त्यांना स्निग्ध पदार्थाचं आवरण दिलंय. दुधात जसे सायीचे कण तरंगतात ना, तसे, पण त्याहून कितीतरी बारीक. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंती विरळ असतात. हे कण नेमके तिथून झिरपतील आणि बाकीच्या शरीराला कमी त्रास होईल, असा अंदाज आहे."

"म्हंजी बांधाला खेकड्यानं भोक पाडलं, का पाणी तिथनंच जातं," भागू म्हणाला.

"अगदी तसं. पण हा अंदाज आहे, काका. तो खरा आहे का, ते बघायलाच अभ्यास. निम्म्या लोकांना नवं मिळेल, निम्म्यांना जुनं. कुणाला कुठलं ते मी ठरवत नाही. कंप्युटर ठरवतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखं."

लंकाबाई म्हणाली, "मंग तुमाला बी ठावं न्हाई, कुठलं चांगलं ते?"

"नाही, मावशी. माहीत असतं तर सगळ्यांना तेच दिलं असतं."

भागूनं सही केली, लंकाबाईनंही आपलं नाव जोडून जोडून लिहिलं. बाहेर आल्यावर भागू तिला म्हणाला, "आपल्याला नवंच येणार बघ. आपण कुणाचं वाईट केलंय?" त्याला त्याची इतकी खात्री होती की त्यानं आरतीला फोनवर तसं सांगूनही टाकलं.

कंप्युटरनं जुनं औषध काढलं.

पहिल्या दिवशी केमोच्या हॉलमध्ये लंकाबाईच्या शेजारच्या कॉटवर कळंबच्या झुंबरबाई होत्या. साठीच्या आसपासची गोरी, ठसठशीत बाई. तिचा नवरा सावळेराम पायाशी खुर्ची घेऊन बसला होता. घरचा बागायतदार, टोमॅटो-कांद्याचं पीक, बोलायला मोकळा.

"पावणं कुठलं?"

"आहुप्याच्या वाटंला, वरच्या वाडीतलं."

"डोंगरातलं व्हय. आमी कळंब. आमच्या हिला नवं लागलंय, तुमच्या?"

"जुनं," भागू म्हणाला, आणि आपण काही लबाडी कबूल केल्यासारखं त्याला वाटलं.

सिस्टरनं झुंबरबाईच्या स्टँडवर पिशवी लावली. दुधासारखी पांढरी. भागू बघतच राहिला. नळीतून ते पांढरं सरकत सरकत तिच्या हातात शिरलं. सावळेराम कौतुकानं सांगत होता, "आता युरियाचं बगा. गोणीतला फोकला का निम्मा पाण्यानं वाहून जातो. आन् बाटलीतला नॅनो पानावर मारला, का पानच पितं. तसंच हे, असं म्या तरी समजून घेतलंय." अर्ध्या तासात पिशवी रिकामी झाली. झुंबरबाई उठून बसल्या, त्यांनी घरून आणलेली शेवयाची खीर खाल्ली, आणि दोघं दुपारच्या आत निघूनसुद्धा गेले.

लंकाबाईची बाटली पाण्यासारखी होती. आधी इंजेक्शनं, मग थेंब थेंब. थोडंसं गेलं असेल नसेल, तिचा चेहरा लाल झाला, छाती भरून आली, श्वास घेता येईना. सिस्टर धावल्या, नळी बंद केली, ऑक्सिजन लावला. तासाभरानं पुन्हा सुरू केलं, आणखी सावकाश. दिवस मावळेपर्यंत ती तिथंच पडून होती. भागू तिचे पाय दाबत बसला आणि शेजारच्या रिकाम्या स्टँडकडं बघत राहिला.

दर तीन आठवड्यांनी दोघींची पाळी एकाच दिवशी यायची. भागूला नको असलं तरी तुलना होतच होती. झुंबरबाईंचे केस गेले, लंकाबाईचेही गेले. पण झुंबरबाई चालत यायच्या. लंकाबाईला घोडेगावच्या स्टँडवर एका एसटीतून दुसऱ्या एसटीत नेताना भागूला तिच्या बगलेत हात घालावा लागायचा. घरी ती भाताच्या पेजेवर आली होती. चुलीपाशी बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. दोघी बायकांचं मात्र जमलं होतं. झुंबरबाई तिच्यासाठी आवळ्याची सुपारी आणायच्या, लंकाबाई त्यांना डोंगरातल्या औषधांची नावं सांगायची. भागूला ते बघवत नव्हतं. त्याला वाटायचं, लंकी हिच्याशी हसतीय कशाला? लंकीच्या वाटणीचं हिनं घेतलंय.

असं काही नाही, हे त्याला कळत होतं. पण कळून उपयोग नव्हता.

पौषात दोघींचं स्कॅनिंग झालं. झुंबरबाईंच्या गाठी आकसल्या होत्या. सावळेरामनं पेढ्यांचा पुडा आणला आणि भागूच्या हातावर ठेवताना एकदम ओशाळला. लंकाबाईच्या लिव्हरवरचे डाग होते तेवढेच होते. एक तर किंचित मोठा होता.

भागू एकटाच डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

"बाई, तेवढी चिठ्ठी बदला."

"काका, ती बदलता येत नाही."

"का येत न्हाई? तुमच्याच कपाटात हाय ना ते पांढरं?"

"आहे. पण प्रत्येक कुपीवर पेशंटचा नंबर असतो. मी माझ्या मनानं कुणाला काही दिलं तर अभ्यासच राहणार नाही. आणि मावशींचं औषध निकामी ठरलेलं नाही अजून. डाग फारसे वाढलेले नाहीत, हेही थोडं नाही."

"इकत मिळतं का कुठं? पुण्याला? मुंबईला?"

"कुठंच नाही. अजून बाजारातच आलेलं नाही. तुम्हाला वाटलं तर अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येईल, मी दुसरं औषध सुरू करीन. पण हे पांढरं नाही देता येणार."

भागूनं त्यांचे पाय धरले. डॉक्टर घाईघाईनं खुर्चीतून उठल्या, त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. त्यांचेही डोळे भरून आले होते, आणि भागूला त्याचाच राग आला. रडायला येतंय आणि कपाट उघडायला येत नाही!

तो घोडेगावला गेला. पंचायत समितीत त्याच्या ओळखीचे धर्माजी होते, आधी सभापतींच्या मागंपुढं असायचे. त्यांनी चहा पाजला, दवाखान्यात फोन लावला, थोडा वेळ 'बरं, बरं' म्हणत ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला. "भागू, हे रस्त्याचं काम न्हाई रं. ते लोक नियमानं वरपर्यंत बांधलेले असत्यात. आपल्या हातात न्हाई."

मग उरलं कळंब.

सावळेरामचं घर हायवेपासून आत, टोमॅटोच्या रानाला लागून होतं. तो ओट्यावर क्रेट मोजून घेत होता. भागूला बघून त्यानं हातातलं काम टाकलं, आत हाक मारून चहा सांगितला. झुंबरबाई आत निजल्या होत्या. सून चहा ठेवून गेली.

"सावळेरामभाऊ, एक मागतो. न्हाई म्हणू नका."

"बोला की राव."

"तुमच्या मंडळींना गुण आलाय. गाठी निम्म्यावर आल्यात. एकदाच, फकस्त एक बार, त्यांची पांढरी पिशवी माझ्या लंकीला लावू द्या. तुमी डॉक्टरांना सांगा, आमी राजीखुशीनं देतोय म्हणून. तुमी सांगितलं तर ऐकत्याल. तुमच्या बायकोला तेवढ्या वेळंला जुनं घ्या. औषध एकच हाय, डॉक्टरबाई सोता म्हणाल्या."

 सावळेरामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भाऊ, तुमी माझी बैलजोडी मागितली असती, रान मागितलं असतं, तरी मी घरात इचारून काय तरी केलं असतं. हे न्हाई व्हायचं."

"एकदाच म्हणतोय."

"आन् त्या एकदानंच बिघडलं तर? तुमाला वाटतं आमचं सगळं ब्येस चाललंय. तिला हाताच्या बोटांना काय लागत न्हाई आता. परवा तव्यावर बोटं टेकली, कातडं जळाल्याचा वास आला तवा तिला कळलं. तरी म्या देवाला सांगतो, असूं दे, बोटं घे, बाई ठेव." "माझ्या जागी तुमी असता तर दिली असती का? खरं सांगा."

 खरं सांगायची भागूची तयारी नव्हती. तो उठला, आणि पाठीमागून सावळेराम "च्या तरी घ्या" म्हणत असताना रानातून थेट रस्त्याला लागला.

माघातल्या पाळीला लंकाबाईला चाकाच्या खुर्चीवर बसवूनच हॉलमध्ये न्यावं लागलं. झुंबरबाई आधीच आल्या होत्या. लंकाबाईच्या अंगात थंडी भरली होती, तर त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या पायांवर टाकली. "राहू दे गं, मला उकडतंय," म्हणाल्या. सावळेराम काहीतरी विचारायला काउंटरवर गेला होता. तो भागूशी त्या दिवसापासून बोलत नव्हता.

दोघींना सुया टोचून झाल्या, सलाईन सुरू झालं. झुंबरबाईंना बाथरूमला जायचं होतं, म्हणून आयाबाईनं त्यांची नळी तेवढ्यापुरती सोडली आणि त्यांना धरून नेलं. तेवढ्यात फार्मसीतून ट्रे आला. सिस्टरनं तो दोन कॉटांच्या मधल्या टेबलावर ठेवला. त्यात लंकाबाईची काचेची बाटली होती आणि झुंबरबाईंची पांढरी पिशवी. सिस्टर नावं ताडून बघायला लागली, आणि समोरच्या रांगेत कुणीतरी ओरडलं. एका माणसाला झटके येत होते. सिस्टर पळाली. सगळ्याच पळाल्या. पडदा ओढला गेला.

भागू टेबलाजवळ उभा होता.

हात आपोआप गेला, असं त्यानं पुढं पोलिसांना सांगितलं असतं. पण पोलिस आलेच नाहीत, आणि ते खरंही नव्हतं. तो हात त्यानं स्वतः नेला. पिशवी थंडगार होती आणि वाटली त्याहून हलकी. सिस्टर कसं करतात ते त्यानं इतक्या वेळा बघितलं होतं, की त्याला आठवावंही लागलं नाही. लंकाबाईच्या सलाईनमधून नळीचं टोक ओढून काढलं, पिशवीच्या तोंडावरचं टोपण उडवलं, टोक आत खुपसलं, पिशवी आकड्याला अडकवली. वरच्या छोट्या नळकांड्यात पहिला पांढरा थेंब पडला. दुसरा पडला. पांढरं खाली नळीत उतरायला लागलं.

"जा," तो पुटपुटला. "जा की लवकर."

लंकाबाईचे डोळे मिटलेले होते. ते उघडले. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग वर पिशवीकडं.

"अवं, ह्ये काय करताय?"

"गप पड. बोलू नगं."

"ही झुंबरबाईची हाय."

"तिला गुण आलाय! तिला एक न्हाई मिळाली तर काय मरत न्हाई ती! तू मरशील लंके, तू मरशील!"

तिच्यात जोर उरला नव्हता. कूस बदलायलाही तिला त्याची मदत लागायची. पण तिनं दुसऱ्या हातानं नळी पकडली, बोटाला वळसा दिला आणि घट्ट दुमडून धरली. पांढरं तिच्या मनगटापासून वीतभर लांब अडलं. भागू तिची मूठ सोडवायला लागला. तो बायकोची बोटं एकेक करून उलगडत होता आणि ती दात खाऊन ती परत मिटत होती. मग एकदम तिनं मूठ सोडली, आणि त्याला वाटलं हरली, तोच तिनं हातावरची पट्टी धरून सुईच उपसून काढली.

रक्ताची चिळकांडी शालीवर उडाली. नळी खाली लोंबली आणि तिच्या टोकातून ते दुधाळ औषध फरशीवर टपटप गळायला लागलं.

झुंबरबाई भिंतीला हात लावत परत आल्या होत्या. त्या कॉटच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या.

"माझं व्हतं का ते?" त्यांनी विचारलं.

 सिस्टर आल्या, ओरडल्या, हातमोजे घालून त्यांनी पिशवी उतरवली, फरशीवर कसली तरी पावडर टाकली. उघडलेली पिशवी आता कुणालाच चालणार नव्हती. झुंबरबाईंच्या नंबरची दुसरी कुपी मागवायला लागणार होती, तोपर्यंत त्यांची पाळी पुढं गेली.

भागूला बाहेर काढलं. पायऱ्यांवर सावळेराम त्याच्यासमोर आला आणि त्यानं भागूच्या थोबाडीत मारली. भागूची टोपी उडाली. त्यानं ती उचलली नाही. सावळेरामनं दुसऱ्यांदा हात उगारला, पण मग तसाच आत गेला, बायकोकडं.

डॉक्टर श्रेयांनी पोलिसांना बोलावलं नाही. त्या दिवशीचं लंकाबाईचं औषध त्यांनी स्वतः उभं राहून दुसऱ्या हातातून लावून घेतलं. निघताना भागूला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही या हॉलमध्ये परत यायचं नाही, काका. मावशींबरोबर मुलीला पाठवा. आणि एक ऐका. झुंबरबाईंचं औषध थांबलं ते थांबलंच, पण ते पांढरं मावशींना गेलं असतं तर त्यांना सोसलं असतं की नाही, हे मलासुद्धा माहीत नाही. इतक्या अशक्त आहेत त्या."

घोडेगावहून वर जाणाऱ्या एसटीत शेवटच्या सीटवर दोघं बसली होती. डिंभे धरणाचं पाणी डाव्या हाताला लागलं. भागूनं दोन-तीनदा लंकाबाईकडं बघितलं.

"म्या तुझ्यासाठी केलं," तो शेवटी म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता, पण स्पष्ट होता. "माझ्यासाठी न्हाई केलंत. तुमाला एकल्याला घरात राहायचं भ्या वाटलं, म्हणून केलंत. मला इचारलं असतंत, तर म्या सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

तिनं खिडकीवर डोकं टेकलं. "आता काय करायचंय त्याचं?"

त्यानंतर आरती आईला घेऊन जायला लागली. झुंबरबाईंना दुसरी पिशवी मिळाली, एवढं तिच्याकडून कळलं. लंकाबाईच्या पुढच्या स्कॅनमध्ये डाग वाढले होते, वाढून पसरले होते. तिला अभ्यासातून बाहेर काढलं, गोळ्या सुरू केल्या. त्या पोटात ठरेनात. शेवटी तीच म्हणाली, पुरे. घरी पडवीत तिची वाकळ टाकली, तिथून तिला समोरचा डोंगर दिसायचा. भागू तिचं सगळं करायचा. पाणी पाजायचा, अंग पुसायचा, पाठीला तेल लावायचा. ती त्याच्याशी बोलायची, गाईचं, पाण्याचं, आरतीच्या सासरचं. रागानं कधीच बोलली नाही. पण त्या दिवसाचा विषय त्यानं दोनदा काढला, तेव्हा दोन्हीदा तिनं डोळे मिटून घेतले.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती गेली. भागू विहिरीवर होता.

दहाव्याला सावळेराम आला होता. कुणाकडून कळलं कोण जाणे. घाटावर सगळ्यांच्या मागं उभा राहिला, कावळा शिवेपर्यंत थांबला, भागूकडं एकदा बघून त्यानं हात जोडले आणि निघून गेला. झुंबरबाई कशा आहेत ते विचारायचं भागूच्या ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही.

वैशाखात डॉक्टर श्रेयांचा फोन आला. भागू अंगणात हिरडे वाळत घालत होता.

"काका, मावशी कशा आहेत? त्या अभ्यासातून बाहेर पडल्या तरी आम्हाला मधूनमधून विचारावं लागतं."

भागूच्या तोंडातून गेलं, "बरी हाय."

"खरंच? जेवतात का?"

"जेवती की. आज नाचणीची भाकर खाल्ली. अर्धी."

"वा! छान वाटलं ऐकून. त्यांना सांगा मी विचारलं म्हणून."

"सांगतो," भागू म्हणाला.

फोन ठेवून तो परत हिरडे पसरायला लागला. त्याला बरं वाटलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बरं वाटलं. डॉक्टरांच्या कंप्युटरात लंका जिवंत होती. तिनं अर्धी भाकर खाल्ली होती. परत फोन आला की सांगायचं, हिंडती-फिरती झाली. म्हणजे कुठंतरी ती हिंडत राहील. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, आरतीलाही नाही.

तिसऱ्या दिवशी हिरड्याची पाटी डोक्यावर घेऊन उतरताना तो मधल्या कातळावर थांबला.

लंकाला जुनं औषध दिलं होतं. ती बरी आहे म्हटलं, तर जुनं औषध चांगलं ठरणार. कंप्युटर तेच धरणार, त्याला कुठं ठाऊक लंकाचं काय झालं ते? आणि जुनंच चांगलं ठरलं, तर ते पांढरं कपाटातच राहील. कुठल्याच दुकानात येणार नाही. मग कुणाची तरी बायको असंच छातीवर हात दाबून तासन् तास त्या बाटलीखाली पडून राहील, श्वास कोंडून.

किंवा पांढरंही खोटंच असेल. काय असेल ते असेल. पण लंका मेली, हे त्यांना कळायला पाहिजे होतं.

त्यानं पाटी तिथंच उतरवली. कातळाच्या टोकाला रेंज यायची, तिथं चढून त्यानं फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा डॉक्टरांनीच उचलला.

"बाई, म्या परवा खोटं बोललो. लंका न्हाई ऱ्हायली."

 डॉक्टर हळू म्हणाल्या, "कधी, काका?"

"चैत्रात. हनुमान जयंतीच्या आदल्या दिशी. दुपारचं."

"काका..."

"तुमी लिवून घ्या आधी. जुनं औषध दिलेली बाई, न्हाई ऱ्हायली. नीट लिवा. भाकर खाल्ली म्हणलो त्ये खोडा. तिनं शेवटी काय खाल्लं न्हाई. पाणीच प्याली."

"लिहिते." किबोर्डचा आवाज आला. "लिहिलं, काका."

भागूनं विचारलं, "कळंबच्या बाई कशा हायत?"

"दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही. नियम आहे."

"बरं," भागू म्हणाला. "मंग ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर आणखी काहीतरी बोलत होत्या, पण वारा सुटला होता आणि आवाज तुटत होता. फोन खिशात घालून तो कातळावर बसून राहिला. पहिल्यांदाच मोठ्यानं रडला. खाली वाडीत कुणीतरी मान वर करून बघितलं आणि परत कामाला लागलं. ऊन खूप झालं, तेव्हा त्यानं पाटी उचलली. चुंबळ घरी राहिली होती, म्हणून डोक्याला पंचा गुंडाळला आणि तो उतरणीला लागला.